निघालेल्यांचा रकाना

पत्रिका लग्नाची असावी तशी जाड, गुळगुळीत कागदाची होती. शिल्पाने ती खाटेच्या कडेला बसून मोठ्याने वाचायला घेतली. शिल्पा ही गुणाबाईंची एकुलती एक लेक. नवऱ्याच्या कॉलेजातल्या नोकरीमुळे ती नांदेडजवळ विष्णुपुरीला राहायची आणि पत्रिकेतल्या या कार्यक्रमासाठीच आदल्या दिवशी एसटीने लातूरला आली होती. पत्रिकेत आधी दवाखान्याचं नाव, मग डॉक्टर शिवलिंग यांचं, मग पाहुण्यांची रांग, उद्घाटन, चहापान, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत, "प्रात्यक्षिक : यंत्रमानवाने चालवलेल्या पहिल्या रुग्ण, श्रीमती गुणाबाई वैजनाथ बिराजदार." इथे शिल्पाने कौतुकाने आईकडे पाहिलं. गुणाबाईंच्या उजव्या हातातला कप मात्र बशीवर असा काही आपटला की निम्मा चहा लुगड्यावर सांडला.

"काय म्हनलीस? परत वाच."

"यंत्रमानवाने चालवलेल्या..."

"चालवलेल्या?"

"हो गं. रोबोटनं चालवलं ना तुला? नाव छापलंय तुझं, आई. काय झालं?"

"काय न्हाई. फडकं दे."

काय झालं ते सांगायचं तर लेकीला व्याकरण शिकवत बसावं लागलं असतं, आणि गुणाबाई शिकलेल्या चौथी. पण सायकल चालवतात, नांगर चालवतात, मेस चालवतात, एवढं कळायला चौथी पुष्कळ झाली. मेस तर त्यांनी स्वतः तेवीस वर्षं चालवली होती, डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावाहून लातूरच्या क्लासला आलेल्या पोरींची, दोन्ही वेळेला चाळीस चाळीस ताटं. माणूस चालतो. त्याला कुणी चालवलं तर तो माणूस उरत नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात सकाळभर घुमत राहिलं आणि संताप चढत गेला. लकवा झाल्यापासून त्यांच्या वाट्याला सगळं असंच आलं होतं. जानेवारीत पोळ्या लाटता लाटता लाटण्याचं डावं टोक हातातून सुटलं, पोळी एका अंगाला जाड आणि एका अंगाला पातळ झाली, पोरी हसल्या, पोरींच्या 'मौशी' गुणाबाईही हसल्या, आणि हसताना तोंड वाकडं झालेलं पाहून पोरी ओरडल्या. तिथून पुढे त्यांना उचललं, नांदेडला नेलं, निजवलं, बसवलं, भरवलं, धुतलं, पुसलं. दहा महिन्यांत त्या आपणहून काही करतायत असं वाक्य कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. आलं असतं तर फक्त एकीच्या तोंडून आलं असतं, त्या अलीझाच्या.

अलीझा दवाखान्यातल्या त्या रोबोट मशीनवरची फिजिओथेरपिस्ट. नांदेडच्या देगलूर नाक्याकडची, बोलायला मोकळी, हाताला घट्ट. पहिल्या दिवशी तिने गुणाबाईंना पट्ट्यांनी वरून टांगलं, मांड्यांना आणि पोटऱ्यांना मशीनच्या लोखंडी पायांच्या पकडी आवळल्या, खालचा सरकता पट्टा सुरू केला, आणि गुणाबाईंनी आपला डावा पाय परक्या बाईचा पाय बघावा तसा पुढे जाताना पाहिला. गुडघा वर, खाली, वर, खाली. आपल्याला न विचारता. शरमेने त्यांनी डोळे मिटले तर अलीझा म्हणाली, "डोळे उघडा मौशी, पडद्यावर बघा. ही लाल पट्टी मशीनची. ही हिरवी तुमची." हिरवं काही नव्हतंच. शंभरातले शंभर मशीनचे. पण अलीझा दर आठवड्याला मशीनचा जोर थोडा थोडा उतरवत गेली, आणि सहाव्या आठवड्यात एका मंगळवारी गुणाबाईंना कळलं की आत्ता ही जी टाच टेकली ती त्यांनी टेकली.  ओरडावंसं वाटलं. अलीझा पडद्याकडे बघत म्हणाली, "काय केलं मौशी तुम्ही? पुन्हा करा." तुम्ही केलं, असं ती म्हणाली होती. त्या दिवशी हिरवी पट्टी बारा टक्के होती, आता पंचावन्न. पंचावन्न टक्के म्हणजे लातुरात तोंड लपवायची पाळी, नव्वदवाल्या पोरी इथे उशीत तोंड खुपसून रडतात. पण गुणाबाईंनी ते पंचावन्न मेसमधल्या प्रत्येक पोरीला सांगितले होते.

त्यामुळे मशीनवर त्यांचा राग नव्हता. मशीन बिचारं सरळ. जोर कमी पडला की उचलायचं, पाय आपणहून निघाला की मागे सरायचं. अलीझाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मौशी, पाय ताठ करून त्याच्याशी भांडायचं न्हाई हां. अडवलं की ते बंद पडतं." माणसांपेक्षा त्याला जास्त समजत होतं. राग होता तो पत्रिका छापणाऱ्यांवर. रिक्षातून दवाखान्याला जाताना दोन्ही अंगांना होर्डिंगं लागायची, त्यांवर पोरापोरींचे फोटो, मार्क, रँक, आणि वर 'आम्ही घडवलेले डॉक्टर'. गेल्या वर्षी मेसमधली इकरा पहिल्या झटक्यात मेडिकलला लागली तेव्हा तिचा फोटो तीन क्लासच्या तीन होर्डिंगांवर झळकला. तिसऱ्या क्लासमध्ये तर ती दोन परीक्षांपुरती गेली होती. पेढे द्यायला आली तेव्हा हसत म्हणाली, "मौशी, तिघांनी घडवलं म्हणं मला. मग वर्षभर मी काय करून राहिले होते?" गुणाबाई तेव्हा तिच्याबरोबर खूप हसल्या होत्या. आता ते हसू आठवून तोंड कडू झालं. पुढे गुणाबाईंचाही फोटो असाच टांगतील, पट्ट्यांना लोंबकळणारा, आणि त्याखाली कुणाचं तरी नाव असेल.

फोटो तर त्यांचा एक होताच, सव्वीस वर्षांपूर्वीचा. शिल्पाच्या विष्णुपुरीच्या घरात तो चौकटीत होता. मातीने माखलेली बाई, कमरेपर्यंत ढिगाऱ्यात, आणि वाकून तिचं मनगट धरलेला एक जवान. पेपरात छापून आला होता. भूकंप झाला तेव्हा सहा वर्षांची शिल्पा गणपतीला म्हणून निलंग्याला मामाकडे गेली होती, म्हणून वाचली. आणि मामाने दाखवलेल्या त्या फोटोवरूनच तिला कळलं की आई आहे. शाळेत तिने निबंध लिहिला, माझ्या आईला जवानाने काढले. बक्षीस मिळालं. लग्नात सासरच्यांना तेच सांगितलं. कौतुकाने सांगायची, डोळ्यांत पाणी आणून, आणि गुणाबाई दरवेळी पदर नीट करत दुसरीकडे बघायच्या. कारण त्यांना काढलं नव्हतं. त्या निघाल्या होत्या. छपराच्या माळवदाची माती, भिंतीचे दगड, त्यातून हाताला लागलेल्या उलथण्याने, उलथणं वाकल्यावर नखांनी, उजेडाच्या एका रेघेकडे. निघता निघता ऊन डोक्यावर आलं होतं. तो जवान आला तेव्हा त्या कमरेएवढ्या वर आलेल्या होत्या. त्याने मनगट धरलं, तेवढाच त्याचा वाटा. भला माणूस होता, त्याला त्या आजही नावं ठेवत नव्हत्या. पण मदतीच्या सरकारी तंबूत टेबलामागे बसलेल्या कारकुनाने विचारलं, "कुणी काढलं?" तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मी निघाले." त्याने मान वर केली नाही. त्याच्या यादीत दोनच रकाने होते, काढलेले जिवंत आणि काढलेले मृत. निघालेल्यांचा रकानाच नव्हता. त्याने पहिल्या रकान्यात नाव लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

तेव्हा भांडता आलं असतं. गुणाबाई भांडायला कुणाला भ्यायच्या नाहीत, भाजीवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्या गल्लीला ते माहीत होतं. पण त्या दिवशी त्या गप्प राहिल्या आणि पुढे सव्वीस वर्षं गप्प राहिल्या, याचं कारण वेगळं होतं, आणि ते आठवलं की संतापाचं तोंड उलटं फिरून त्यांच्याकडेच यायचं. तुळईच्या पलीकडे तिचा नवरा, वैजनाथ होता. जिवंत होता. बोलत होता. त्याचा हात तिला लागत होता, बोटं तेवढी, दोन दगडांच्या फटीतून. उजेड एकीकडे आणि तो दुसरीकडे, आणि उकरायला हात दोनच. गावात नवरा पुढे चालायचा आणि बायको मागे. शेताच्या वाटेवर अकरा वर्षांत वैजनाथने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो म्हणाला, "गुणे, थांब जरा." ती थांबली नाही. जी बाई काढली गेली तिला कुणी विचारत नाही, तू का थांबली नाहीस म्हणून. जी निघाली तिला विचारतात. सासूने विचारलं असतं, दिराने विचारलं असतं, पुढे कधीतरी शिल्पाने विचारलं असतं. वर आल्यावर तिने जवानांना जागा दाखवली होती, घसा फाटेस्तोवर ओरडली होती; पण तुळई हलवेपर्यंत संध्याकाळ झाली आणि वैजनाथचं नाव दुसऱ्या रकान्यात गेलं. म्हणजे 'काढलेली' हा शब्द तिने आडोसा म्हणून वापरला होता, डोक्यावर पदर घ्यावा तसा. मग आता एका पत्रिकेतल्या शब्दावर एवढं भडकायचा हक्क काय, असं त्यांनी स्वतःला विचारलं.  राग मात्र तसूभरही कमी झाला नाही, उलट सव्वीस वर्षांचा सगळा एकदम वर आला.

कार्यक्रम त्याच दिवशी अकराला होता. मशीनच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, मशीनला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, आणि माळ घातलेल्या त्या लोखंडाला शिल्पाने हात जोडले. अलीझा पट्ट्या आवळायला वाकली तेव्हा गुणाबाईंच्या नजरेला नजर देईना.

"काय गं? तोंड का पडलंय?"

"मौशी..." ती पुटपुटली, "सरांनी आज शंभरावर ठेवायला सांगितलंय. सगळं मशीनच करंल. तुम्ही नुसतं सैल ऱ्हावा."

"शंभर? आन् माझे पंचावन्न?"

"तुमच्या जोरावर ठेवलं तर पाय वाकडा पडतो ना. पाहुण्यांसमोर बरं दिसत न्हाई म्हणले. मी लई सांगून बघितलं, मौशी. खुदा की कसम."

 गुणाबाईंच्या मनात आलं की वाकडा तर वाकडा, पण तो माझा होता. डॉक्टर शिवलिंग माइकवर बोलू लागले. चांगले बोलत होते, माणूस वाईट नव्हता, मशीन आणायला त्याने जमीन विकली होती असं म्हणत. पण तो गुणाबाईंकडे बोट दाखवून बोलत होता. या बाईंना फेब्रुवारीत आम्ही पाहिलं तेव्हा त्या बसूही शकत नव्हत्या. आज आमचं यंत्र त्यांना चालवून दाखवणार आहे. टाळ्या. पट्टा सुरू झाला. गुडघा वर गेला, खाली आला, किती सुबक, किती सरळ, पहिल्या दिवसासारखा. कॅमेरे चमकले. पडद्यावर सगळं लाल. पाहुणे मान डोलवत होते, पहिल्या रांगेत शिल्पा मोबाइल उंच धरून रडत हसत होती, आणि गुणाबाई तिच्याकडे बघत चालवल्या जात होत्या. वाटलं, हिच्यासाठी तरी चालू द्यावं. दहा मिनिटांचा तर प्रश्न. तेवढ्यात मशीनने डाव्या पायाची टाच टेकवली, ती टाच जी सहा आठवडे घाम गाळून त्यांनी परत मिळवली होती, आणि ती टेकली तरी त्यांना कळली नाही. त्यांनी असेल नसेल तेवढा जीव त्या मांडीत गोळा केला आणि पाय ताठ केला.

मशीनने चुकचुक आवाज केला आणि ते थांबलं.

"पेशंटला जरा दडपण आलंय," डॉक्टर हसून म्हणाले. अलीझाने पुन्हा सुरू केलं. दोन पावलं झाली आणि गुणाबाईंनी पुन्हा अडवलं. पुन्हा आवाज. पाहुण्यांपैकी कुणीतरी घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी स्वतः बटण दाबलं आणि तिसऱ्यांदाही ते बंद पडलं, तेव्हा चहाची व्यवस्था बाहेर केली आहे असं जाहीर झालं आणि खुर्च्या सरकल्या. खोली रिकामी झाल्यावर डॉक्टर अलीझावर फिरले. "सेटिंग काय ठेवलं होतंस तू?"

"तिला बोलू नका," वर टांगलेल्या गुणाबाई म्हणाल्या. "शंभरच ठिवलं होतं. मी अडवलं."

"का पण? काय हवं होतं तुम्हाला?"

"चालायचं होतं."

"मग चालतच होतात की, बाई!"

 डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि ते पाहुण्यांमागे गेले. अलीझाने न विचारता पकडी सोडल्या, पट्ट्या सोडल्या, गुणाबाईंना दोन दांड्यांमधल्या सरावाच्या वाटेशी आणून उभं केलं. दांडीला धरून त्या उभ्या राहिल्या. वाटेच्या दुसऱ्या टोकाला शिल्पा होती, मोबाइल अजून हातात, चेहरा लालबुंद.

"कशाला केलंस असं? एवढ्या लोकांत? त्यांनी तुला पायावर उभं केलं आई, आणि तू त्यांची शोभा केलीस. एवढा कसला ताठा? त्या दिवशी त्या जवानानं हात दिला तेव्हा नाही आडवा आला तुझा ताठा? तेव्हा घेतलास ना हात? त्यानं काढलं नसतं तर आज..."

"त्यानं काढलं न्हाई मला."

"काय?"

"मी निघाले, शिल्पे. आपल्या हातानं उकरून निघाले. तो आला तवा मी कमरंएवढी भायेर हुते." एवढ्या वर्षांचं साचलेलं बाहेर यायला लागलं तेव्हा त्याला अडवणं त्यांच्या हातात नव्हतं. "आन् तुझा बाप जित्ता हुता. तुळईच्या पल्याड. माज्या संगं बोलत हुता. थांब म्हनला. म्या थांबले न्हाई."

 शिल्पाचा चेहरा गुणाबाईंना ओळखू येईना. सहा वर्षांची पोर, निबंध वाचणारी पोर, नवरी, सगळ्या एकामागून एक त्या चेहऱ्यावरून निघून गेल्या आणि मागे एक परकी, थकलेली बाई उरली. बाहेर कपबशांचा आवाज होता. अलीझा भिंतीकडे तोंड करून पट्ट्यांच्या घड्या घालत होती.

"बोलत होते?" शिल्पाने विचारलं.

"हाव."

"किती वेळ?"

"मी निघंस्तवर."

आणखी काही विचारेल म्हणून गुणाबाई थांबल्या. शिल्पाने मोबाइल खाली केला. गुणाबाईंनी उजवा पाय टाकला, मग डावा, वाकडा, बाहेरच्या अंगाला फिरत. मग पुन्हा उजवा. मधोमध आल्यावर त्यांनी दांडी सोडली. डावा पाय लटपटला, अंग एका बाजूला गेलं. समोर हातभर अंतरावर शिल्पा उभी होती. अशा वेळी ती नेहमी धावायची, काखेत हात घालायची, आई जपून म्हणायची. या वेळी तिचे हात अंगाशी तसेच राहिले. गुणाबाईंनी त्या हातांकडे पाहिलं आणि पुढचं पाऊल टाकलं.